अस्वलाची पहिली शिष्या

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी जंगल संपते तिथे गोल्फचे एक जुने मैदान होते. माणसे ते केव्हाच सोडून गेली होती. झेंड्याचा रंग उडाला होता, गवत माजले होते, पण खेळ मात्र प्राण्यांनी उचलला होता. काठीने चेंडू टोलवायचा आणि कमीत कमी फटक्यांत झेंडा रोवलेल्या लांबच्या भोकात घालायचा, एवढाच तो खेळ. हरणे तो खेळत, कोल्हे खेळत, माकडे तर खेळण्यापेक्षा भांडतच जास्त. त्याच जंगलात एक अस्वल राहत असे. ते मात्र नेहमी एकटेच खेळे.

त्याला कारणही तसेच होते. लहानपणी अस्वलाने पहिल्यांदा काठी धरली, डोळे घट्ट मिटले आणि जीव खाऊन फिरवली. चेंडू जागचा हलला नाही. अस्वलच गरकन फिरले आणि चिखलात जाऊन बसले. माकडे पोट धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून अस्वल सगळे उठण्याआधी मैदानावर येऊ लागले आणि माकडांची किचकिच कानावर पडली की काठी खांद्यावर टाकून गुहेची वाट धरू लागले. अशी किती वर्षे गेली, त्यालाच ठाऊक. त्याचा हात असा बसला की चेंडू मनात येईल तिथे जाऊन पडे. पण ते पाहायला होते कोण? दवाने भिजलेल्या गवतावर त्याच्या एकट्याच्याच पावलांच्या खुणा उमटत. एखादा फटका फार सुरेख बसला की अस्वल मागे वळून बघे. मागे कोणी नसे. मग ते गुहेत जाऊन मध खाई, आणि खरे सांगायचे तर तो मधही त्याला गोड लागत नसे.

मैदानाच्या कडेला जांभळीखाली एक शिळा होती. खेळ शिकवणारा म्हातारा बगळा तिच्यावर बसे आणि पिल्ले त्याच्याभोवती कोंडाळे करत. बगळा आता थकला होता. त्याच्या जागी नवा गुरू निवडण्यासाठी त्याने परीक्षा ठेवली होती. अस्वलाच्या मनाने घेतले, ही जागा आपल्यालाच मिळाली पाहिजे. "शिळा मिळाली की पिल्लं येतील. मग दिवसभर कुणीतरी बोलायला असेल," असे त्याने चेंडूला सांगितले, कारण सांगायला दुसरे कोणी नव्हते.

परीक्षेच्या सकाळी सारे जंगल लोटले. शिळेसाठी अस्वलाबरोबर एक कोल्हाही उभा होता. अस्वलाने काठी फिरवली. चेंडू मैदानामधल्या ओढ्यावरून उंच गेला आणि झेंड्याजवळ अलगद उतरला. पुढच्याच फटक्यात तो भोकात गेला. माकडांची तोंडे उघडीच राहिली.

बगळा म्हणाला, "खेळतोस छान. आता शिकवून दाखव. ज्याने कधी काठी धरली नाही, असा कुणीतरी घेऊन ये. ऊन डोक्यावर येऊन झेंड्याची सावली आखडून भोकापाशी येईपर्यंत त्याच्याकडून चेंडू ओढ्यापलीकडे घालव. नाही जमलं, तर शिळा कोल्ह्याची."

अस्वलाने गर्दीकडे पाहिले. जो तो दुसरीकडे बघू लागला. बरोबरच आहे, त्याची कुणाशी साधी ओळखसुद्धा नव्हती. इतक्यात करवंदीच्या जाळीमागून आवाज आला, "मी आले तर चालेल का?" ती सायाळ होती. तिच्या अंगभर लांब काटे असल्याने तिच्याही जवळ कोणी फिरकत नसे.

बगळा शिष्याच्या मागे उभा राहून त्याचे हात धरून शिकवतो, हे अस्वलाने दुरून पाहिले होते. त्याने तसेच केले, आणि सायाळीचे ताठ काटे थेट त्याच्या नाकात रुतले. माकडे खिदळली. "माफ करा हं, अस्वलदादा," सायाळ कानकोंडी होऊन म्हणाली, "मी घाबरले की ते आपोआप उभे राहतात."

"असू दे. माझ्याकडे बघ आणि तसंच कर," असे म्हणून अस्वलाने एक झकास फटका मारला. सायाळीने काठी उचलली, ती काट्यांत अडकली. अस्वलाने आणखी एक मारला, मग आणखी एक. सायाळीचा चेंडू हलेना. सावली आखडत चालली होती आणि कोल्हा शिळेजवळ जाऊन उभाही राहिला होता. अस्वलाने पुन्हा फटका मारला, तो सगळ्यांत सुरेख बसला, आणि सवयीने त्याने मागे वळून पाहिले.

या वेळी मागे कोणीतरी होते. सायाळ उभी होती. तिने काठी घट्ट धरली होती, काटे ताठ झाले होते आणि डोळे गच्च मिटलेले होते.

अस्वलाला आपला तो पहिला फटका आठवला. त्याने काठी खाली ठेवली आणि सायाळीपासून जरा अंतर राखून ते गवतावर बसले. "पहिल्यांदा मीही डोळे मिटूनच मारला होता," ते सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. "चेंडू तिथंच राहिला. मीच जाऊन चिखलात बसलो. हीच माकडं हसली. तेव्हापासून कुणासमोर खेळलो नाही, तो आजच."

सायाळीने एक डोळा उघडला. "खरंच? चिखलात?"

"पार कमरेपर्यंत."

सायाळ खुदकन हसली. तिचे काटे हळूहळू अंगाला चिकटले. "आता माकडांकडे बघू नकोस. माझ्याकडेही नको," अस्वल म्हणाले. "चेंडूकडे बघ." सायाळीने काठी फिरवली. चेंडू उडाला, टप्पे घेत गेला आणि ओढ्यात डुबुक करून बुडाला. सावली भोकापाशी आली होती.

"नियम तो नियम," बगळा नाइलाजाने म्हणाला. कोल्हा शिळेवर बसला. पिल्ले तिकडे धावली, गर्दी पांगली. अस्वल काठी खांद्यावर टाकून एकटेच गुहेकडे गेले. त्या दिवशी त्याने मधाला हातही लावला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते मैदानावर आले, तर दवावर आधीच कुणाच्या तरी पावलांच्या खुणा होत्या. लहान लहान पावले आणि बाजूला काटे फरफटल्याच्या रेघा.

"अस्वलदादा, काल ओढ्यात पडला," सायाळ म्हणाली. "आज पलीकडे जाईल ना?"

"बघू या," अस्वल म्हणाले आणि चेंडू तिच्यापुढे ठेवून मागे सरकले.

सायाळीने फटका मारला. तो छान बसला. तिने मागे वळून पाहिले. मागे अस्वल उभे होते.

तात्पर्य : आपली फजिती लपवून ठेवणारा कितीही तरबेज झाला तरी एकटाच राहतो, ती मोकळेपणाने सांगता आली, की मगच कोणीतरी आपल्याजवळ शिकायला येते.