रुंजाजीचा ‘थांबा’

राजांचे पराक्रम लिहून ठेवायची पद्धत अजून पडायची होती, अशा फार जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावात दोर वळणाऱ्यांचा मोठा मांडव होता. मोटेचा नाडा असो, होडीचा दोर असो की बैलाचा कासरा, साऱ्या राज्यात तो इथूनच जायचा. या मांडवात रुंजाजी नावाचा एक माणूस कामाला होता, आणि ही गोष्ट त्याची आहे.

दोर कसा वळतात ते आधी सांगतो, म्हणजे पुढे अडायला नको. अंबाडीची ताटं तळ्यात भिजत घालतात. ती पुरेशी कुजली की साल सोलायची, धुवायची, वाळवायची, आणि तिचे जे लांब तंतू निघतात त्यांना वाख म्हणायचं. मग एक जण मांडवाच्या टोकाला चाक फिरवतो. दुसरा कमरेला वाख गुंडाळून, चाकाकडे तोंड करून, बोटांतून वाख सोडत सोडत मागे मागे चालत जातो. चाक पीळ देतं, बोटं जाडी राखतात. असे तीन पदर तयार झाले की ते एकमेकांत वळायचे, झाला दोर.

चाक सटवाजीच्या हातात असायचं. गडी दणकट, गळा मोकळा, कामाचा झपाटा असा की बघणाऱ्यालाच दम लागावा. मागे मागे चालायचं काम रुंजाजीचं. त्याची बोटं चांगली होती, पण स्वभाव शंकेखोर होता. मांडवाचा एक जुना नियम होता: कुणीही ‘थांबा’ म्हटलं की चाक थांबलंच पाहिजे, कारण मागाहून विचारायचं. बाकीचे हा शब्द वर्षातून चार-दोनदा वापरत. रुंजाजी तो दिवसातून दहादा वापरायचा.

चाक थांबलं की पीळ सैल पडतो. तो पुन्हा धरायचा, पुन्हा बसवायचा, यात बराच वेळ जातो. सटवाजी वैतागायचा. लोकांनी रुंजाजीचं नाव ‘थांबोजी’ ठेवलं होतं. तो तोंडदेखलं हसायचा, पण घरी आल्यावर बायकोला, गिरजाला म्हणायचा की देवानं मला सटवाजीसारखं का घडवलं नाही कोण जाणे. गिरजा म्हणायची की मग सटवाजीच्या बायकोसारखं रोज तिन्हीसांजेला त्याचं गाणं ऐकायची वेळ माझ्यावर आली असती. त्यावर रुंजाजीला हसू यायचं खरं, पण मनातला सल जायचा नाही.

एके वर्षी डोंगरावरचं देवीचं देऊळ बांधून पुरं झालं. शिखरावर पंचधातूचा कळस चढवायचा होता. कळस चांगला सहा माणसांच्या वजनाचा. राजाचा कारभारी मांडवात आला आणि त्यानं दोनशे हात लांबीचा दोर मागितला. मुहूर्त दहा दिवसांवर होता. कळस कप्पीवरून वर ओढायचा, आणि तो वर झेलायला परांचीवर सहा गवंडी उभे राहणार, असंही त्यानं सांगितलं.

दहा दिवस म्हणजे फारच थोडे. मांडवातले लोक म्हाताऱ्या आबांकडे गेले. आबा मांडवाचे प्रमुख. लोकांनी त्यांना सांगितलं की या कामावर थांबोजी नको, त्याला अंबाडीच्या पेंढ्या उचलायला घाला. आबांनी ऐकून घेतलं. एवढा दोर होऊ द्या, मग बघू, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. रुंजाजी मांडवाच्या कुडापलीकडे वाख झटकत होता. त्यानं सगळं ऐकलं.

वीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नव्हतं. पेंढ्या उचलणं वाईट काम नाही, पण दोर बोटांतून जाताना त्याला जे सुख व्हायचं, ते पेंढ्यांत नव्हतं. त्यानं मनाशी ठरवलं की हा दोर होईपर्यंत तोंड उघडायचंच नाही. दुसऱ्या दिवशी कामावर येताना त्यानं एक अख्खी सुपारी गालात धरली, शब्द बाहेर यायला जागाच नको म्हणून.

काम सुरू झालं आणि काय सांगू, सटवाजी खूश झाला. चाक भिरभिरत होतं, गाण्यामागून गाणी होत होती. एक पदर झाला. दुसरा अर्ध्यावर आला. तेव्हा रुंजाजीच्या बोटांना काहीतरी वेगळं लागलं. चांगला वाख हाताला चावतो, त्याला एक खरखर असते. हा मऊ होता, भलताच मऊ. तळ्यात चार दिवस जास्त राहून पार कुजलेली एखादी पेंढी घाईघाईत चांगल्या वाखात मिसळली असणार. शब्द जिभेपर्यंत आला. पण पुढे सटवाजीचा हसरा चेहरा होता आणि गालात सुपारी होती. रुंजाजी मागे मागे चालत राहिला. त्या दिवशी चाक एकदाही थांबलं नाही.

सहाव्या दिवशी दोर तयार झाला. दोन्हीकडून पंधरा-पंधरा माणसांनी ओढून पाहिला, काही झालं नाही. कारभाऱ्यानं वाहवा केली. सटवाजीनं रुंजाजीच्या पाठीवर थाप मारली आणि आता खरा माणूस झालास असं म्हणाला. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कुणी थांबोजी म्हटलं नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता, पण घास घशाखाली उतरेना. सरळ ओढलेला दोर वेगळा आणि कप्पीवरून वाकताना ताणलेला दोर वेगळा, हे त्याला ठाऊक होतं. वर उभे राहणारे सहा गवंडी कोण, कुठले, त्याला माहीत नव्हतं. तरी जेवायला बसलं की तेच समोर यायचे.

आठव्या दिवशी सकाळी गिरजानं भाकरीचं ताट पुढे ठेवलं आणि समोरच बसली. ती म्हणाली, “दोन दिस तुम्ही भाकरी मोडताय आणि कुत्र्याला घालताय. कुत्रं लठ्ठ झालं. काय गिळलंय ते बोला तरी.”

रुंजाजी ताटावरून उठला तो थेट मांडवात गेला. सगळे होते तिथं. त्यानं आबांच्या पायांशी बसून सांगितलं, “आबा, दुसऱ्या पदरात कुजका वाख गेलाय. शेवटाकडून साधारण ऐंशी हातांवर. माझ्या बोटांना कळलं व्हतं. मी बोललो न्हाई.”

सटवाजी लाल झाला. चाक त्याचं, कौतुक त्याचं, आणि आता नामुष्कीही त्याचीच होणार होती. तो म्हणाला की याला पुन्हा शंकेचा झटका आलाय, एवढं काही नाही. आबांनी दोर पसरायला लावला, ऐंशी हात मोजले आणि तिथला पीळ उकलला. आतले तंतू चिमटीत धरून नुसते चोळले, तर त्यांचा भुगा झाला. तो भुगा त्यांनी सटवाजीच्या तळहातावर ठेवला. सटवाजीनं तो स्वतःच्या बोटांनी चोळून पाहिला. माणूस वाईट नव्हता तो, त्याला फक्त थांबायचा कंटाळा होता.

मुहूर्ताला दोन दिवस उरले होते. तेवढ्यात तो पदर काढून नवा वळायचा आणि तिन्ही पदर पुन्हा एकमेकांत वळायचे. असं काम दोन दिवसांत उरकणारा एकच माणूस होता, आणि तो आधीच चाकाजवळ जाऊन उभा राहिला होता. रुंजाजीला त्या वेळी एक गोष्ट मनोमन कबूल करावी लागली. चाक आपल्या हातात असतं, तर हा दोर पुढच्या वर्षीच्या मुहूर्ताला मिळाला असता.

तो कमरेला वाख गुंडाळत होता, तेव्हा आबा जवळ आले. त्यांनी विचारलं, “रुंजा, दिसातून धा येळा तू थांबा म्हणतोस. त्यातलं हातातनं किती येतं आणि डोक्यातनं किती?”

असा हिशेब रुंजाजीनं कधी केला नव्हता. त्यानं खरंच विचार केला. कधी आभाळ भरून आलं म्हणून, कधी मागे एक दोर तुटला होता ते आठवलं म्हणून, कधी सटवाजी आज जरा जास्तच जोरात आहे म्हणून तो थांबवायचा. बोटांना काही लागलं म्हणून थांबवलं, असे प्रसंग दहातले दोन किंवा तीन. पण ते दोन-तीन एकदाही खोटे ठरले नव्हते.

तो म्हणाला, “हातातनं दोन. लई झालं तर तीन. बाकीचं सगळं भ्या.”

आबा म्हणाले, “मग तुझ्यात खोट न्हाई, गल्लत हाय. एक तुझं कसब हाय आणि एक तुझं भ्या. दोघांना तू एकच शब्द दिलायस. शब्द यायला लागला की डोळे मीट आणि हाताला इचार. उलटं चालणाऱ्याला तसंही डोळ्यांचं काम कमीच.”

दोन दिवस चाक फिरलं. रुंजाजीनं कितीतरी वेळा डोळे मिटले. ‘थांबा’ मात्र दोनदाच म्हटलं, आणि दोन्ही वेळा वाखात खरंच वाईट तंतू निघाले. सटवाजीनं दोन्ही वेळा चकार शब्द न काढता चाक धरलं, आणि नंतर गेलेला वेळ भरून काढला. दहाव्या दिवशी पहाटे दोर देवळात पोचला.

डोंगरावर सगळं गाव लोटलं होतं. ओढायला वीस माणसं, त्यांच्या पुढे सटवाजी. आबांनी रुंजाजीला कप्पीखाली उभं केलं. दोर जिथून वर जातो तिथे त्यावर हलका हात ठेवायचा, आणि आज थांबवायचं की नाही ते फक्त रुंजाजी सांगेल, असं त्यांनी सगळ्यांना बजावलं. कळस जमिनीवरून उठला. अर्ध्यावर गेला. तेवढ्यात डोंगराचा वारा सुटला. कळस डोलायला लागला, दोर कप्पीवर करकर वाजू लागला, बायकांनी पोरांना जवळ ओढलं.

रुंजाजीच्या शब्द पार ओठांवर आला. पण या जागी थांबवलं असतं, तर वाऱ्यात लोंबकळता कळस परांचीवर आदळला असता आणि सहाही गवंडी खाली आले असते. त्यानं डोळे मिटले आणि हाताला विचारलं. दोर तळव्याखालून सरकत होता, कोरडा, एकसारखा, चांगला खरखरीत. हात म्हणत होता की सगळं ठीक आहे. वीस जणांच्या नजरा त्याच्याकडे होत्या. रुंजाजी काही बोलला नाही. लोक काय म्हणतील म्हणून तो गप्प राहिला नव्हता. या वेळी त्याला स्वतःची खात्री होती. वर गवंड्यांनी कळस झेलला, बसवला, आणि सहाजण एकेक करून शिडीनं खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मांडवात नेहमीसारखं काम सुरू झालं. पेंढ्यांचा विषय कुणी काढला नाही. थांबोजी हे नाव राहिलं, पण आता ते हाक मारायला, चिडवायला नाही. सटवाजी गाण्याच्या मधेच चाक जरा हळू करायचा, रुंजाजीकडे बघायचा आणि विचारायचा, “हात काय म्हणतोय?” हात बहुतेक वेळा ठीक म्हणायचा, मग चाक पुन्हा भिरभिरायचं. रुंजाजी घरी जाऊन पोटभर जेवायचा, आणि गिरजाचं कुत्रं पुन्हा रोड झालं.

लहानांनो आणि थोरांनो, सांगायचं ते एवढंच: ज्याला आपली खोड पुरती ओळखता येते, त्याला तिच्यात दडलेलं आपलं बळही सापडतं.