ठकूबाईचं परसू आणि सरळनाथाची दोरी

एका राज्यात झाडं बोलत आणि माणसं ऐकत. हल्ली उलटं झालंय, ते असो. त्या राज्यात ठकूबाई नावाची माळीण राहत होती. अंगानं बुटकी, कामाला वाघीण, आणि तोंडानं अशी फटकळ की कोतवालसुद्धा तिच्या गल्लीतून जाताना पागोटं सावरून जाई. सकाळ झाली की तिच्या दारात घरवाल्यांची रांग लागे.

"ठकूबाई, कडुनिंबाखाली गवताची काडी उगवेना, काय लावू?"

"ठकूबाई, अंगण चार हात आणि बायकोला हवी बाग, काय करू?"

"फणस भिंतीपासून किती लांब लावू? पाणी पायरीशी साचतं, ते कुठं काढू?"

सरळ उत्तर देईल तर ती ठकूबाई कसली! ती उलट विचारी, घरात कोण कोण आहे? ऊन कोणत्या अंगानं येतं? न्हाणीचं पाणी कुठं जातं? आणि पानगळीत झाडू कोण मारणार, तू की तुझी म्हातारी आई? लोक वैतागत, पाय आपटत घरी जात, आठ दिवस आपलंच अंगण बघत बसत, आणि मग उत्तर घेऊन येत. त्यामुळे त्या राज्यात एका घरासारखं दुसरं घर नव्हतं.

तिचं स्वतःचं परसू मात्र तुम्ही पाहिलंत तर नाक मुरडाल. नवरा लढाईत गेलेला. घरात ती आणि तिचे सासरे रायाजी, दोघंच. सासऱ्यांचे दोन्ही डोळे गेलेले, पण परसात ते काठीशिवाय हिंडत. पारिजातकाचा वास आला की उंबरा आला. पायाला गवती चहा लागला की वळायचं. आणि विहिरीच्या काठाला चहूबाजूंनी वाळलेल्या पानांचा जाड थर. ती पानं ठकूबाई कधीच झाडत नसे. पायाखाली चुरचुरलं की मामंजी जागच्या जागी थांबत. शेजारणी म्हणत, "केवढा कचरा! आळशी मेली!" ठकूबाई म्हणे, "आळशी तर आळशी, तुमच्या दारात आणून टाकते का?"

त्या पाल्यात सातभाई पक्षी किडे वेचत. सात जण होते, सातही एकदम बोलत आणि एकाचं बोलणं उरलेले सहा जण खोडून काढत.

एके दिवशी राज्यात सरळनाथ नावाचा मांत्रिक आला. त्याच्या खांद्यावर रुप्याची दोरी होती. ती अंगणाभोवती ताणली की आतलं सगळं नाहीसं होई आणि उगवे एक हिरवागार चौकोन, मधून दगडी वाट, वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक गोल कातरलेलं झुडूप. त्या चौकोनात पान गळत नसे, तण उगवत नसे, मुंगी फिरकत नसे. दोरीला नियम एकच होता. घरधन्यानं स्वतःच्या तोंडानं 'हो' म्हटल्याशिवाय ती जमिनीला धरत नसे.

पहिलं 'हो' म्हटलं राजा तुंगसेनानं. त्याच्या बागेचा चौकोन झाला आणि दरबारात पाचूचं एक झाड उगवलं, त्याला एक पान. मग लोकांची झुंबड उडाली. झाडायला नको, खुरपायला नको, त्या ठकूबाईचे प्रश्न ऐकायला नकोत! जो तो 'हो' म्हणत सुटला. प्रत्येक 'हो'ला दरबारातल्या झाडावर एक पान फुटे. राजाच्या तोंडाला पाणी सुटलं. एवढा खजिना कुठल्या राजाकडे होता?

पण एक झालं. संध्याकाळी माणसं कामावरून परत येत आणि आपलं घर कोणतं ते त्यांना कळेना. भलत्याच पाटावर बसून जेवत, भलत्याच पोराला निजवत. कुणी विचारलं तर म्हणत, "काय फरक पडतो? सगळं सारखंच आहे."

झाडावर नऊशे नव्व्याण्णव पानं झाली. उरलं ठकूबाईचं परसू.

सरळनाथ तिच्या कुंपणाशी आला. म्हणाला, "बाई, हो म्हण."

"नाही म्हणते."

"सारं राज्य हो म्हणालं."

"मग राज्याकडे जा. माझ्या दारात काय काम?"

मांत्रिक रागानं निघून गेला. इतक्यात सातभाई पाल्यातून उडून फांदीवर बसले. "आम्ही दरबाराच्या वळचणीला होतो," एक म्हणाला. "मीच होतो," दुसरा म्हणाला. "तो स्वतःशी पुटपुटत होता," तिसरा म्हणाला, "हजारावं पान फुटलं की राज्य माझं. मग राजासुद्धा आपलं घर विसरेल." सातव्यानं नुसती मान हलवली, कारण त्याला बोलायला काही उरलंच नव्हतं.

ठकूबाईनं मामंजींकडे पाहिलं. ते विहिरीच्या काठाशी पानांवर उभे होते, हातानं पोहऱ्याचा दोर चाचपत होते. सरळनाथाची दोरी पडली तर पाला जाईल, वास जाईल, आणि पाऊल थांबवायला काही उरणार नाही.  तिनं पदर खोचला.

दुसऱ्या दिवशी राजाचं बोलावणं आलं. तुंगसेन सिंहासनावर बसला होता, शेजारी पाचूचं झाड लखलखत होतं.

"एका बाईच्या हट्टापायी माझं झाड अपुरं राहावं?" राजा म्हणाला. "तीन कामं सांगतो. एक जरी चुकलं तरी हो म्हणायचं. कामं नाकारलीस तर सासऱ्यासह सीमेबाहेर."

"आणि तिन्ही पार पाडली तर?"

"मागशील ते देईन."

"मला तुमचं काही नको, महाराज. माझ्या परसात दोरी येऊ नये, एवढं बास."

सरळनाथ हसला आणि पहिलं काम त्यानंच सुचवलं. राजवाड्याच्या मागे दोन उंच भिंतींमध्ये बोळ होता, तिथं जन्मात ऊन पडलं नव्हतं. सात दिवसांत तो हिरवा करून दाखवायचा.

ठकूबाई बोळात गेली, टोपलीत रोपं घेऊन. तिनं जास्वंदीला विचारलं, "राहशील का इथं?" जास्वंद म्हणाली, "इथं? त्यापेक्षा मला चुलीत घाल." शेवंती रडायलाच लागली. मग अळू म्हणालं, "मला ऊन नको, पायाशी पाणी दे." नेचा म्हणाला, "मी तर उन्हाला भितोच." ठकूबाईनं राजवाड्याच्या न्हाणीचं पाणी दगडी पन्हळीनं बोळात वळवलं. सातव्या दिवशी अळूची पानं एवढी झाली की शिपाई त्याखाली उभे राहून गप्पा मारत होते. राणीनं संध्याकाळी अळूचं फदफदं करायला सांगितलं.

मांत्रिकानं ओठ चावला. दुसरं काम. राजवाड्यासमोरच्या चौकोनावर शिपायांनी हजार घागरी पाणी ओतलं. त्या जमिनीत थेंब मुरेना. गुडघाभर पाणी साचलं. ते दिवस मावळायच्या आत घालवायचं, पण एकही घागर उचलायची नाही.

ठकूबाईनं पाण्यावर एक झेंडूचं फूल सोडलं आणि हाताची घडी घालून बघत बसली. दरबारी हसले. फूल डुलत डुलत ईशान्येच्या कडेला टेकलं, त्या बाजूला चौकोनाबाहेर जुनी कोरडी विहीर होती. तिनं तिथून विहिरीपर्यंत कुदळीनं चर खणत नेला, वरचा हिरवा थर फोडून, कडेला खडी टाकून. पाणी चरात शिरलं आणि विहिरीत उतरलं. विहिरीनं मोठा ढेकर दिला आणि म्हणाली, "किती वर्षांनी गं बाई!" राजानं नकळत टाळी वाजवली, मग हात मागे घेतला.

"तिसरं," सरळनाथ दात खात म्हणाला. "उद्या सकाळी साऱ्या प्रजेसमोर, सगळ्या राज्याला लागू पडेल असं एकच अंगण आखून दाखव."

सकाळी दरबाराचं पटांगण माणसांनी फुलून गेलं. ठकूबाईच्या हातात कोळसा दिला, समोर पांढरं कापड पसरलं. तिनं कापडाकडे पाहिलं, कोळशाकडे पाहिलं आणि कोळसा खाली ठेवला.

"आखणार नाही."



"का?" राजानं विचारलं.

"माझ्या घरी आंधळा म्हातारा आहे, महाराज. तो विहिरीत पडू नये म्हणून मी पानं झाडत नाही. ज्याच्या घरी रांगतं पोर आहे त्यानं पानं ठेवली तर त्यात विंचू निघेल. आता सांगा, पानं ठेवू की झाडू? एकाला वाचवणारं अंगण दुसऱ्याच्या जिवावर उठतं. असलं अंगण मी आखलं तर माझा हात झडेल."

"हरलीस!" सरळनाथ ओरडला. "म्हण हो!"

"ओरडू नकोस, बहिरी नाही मी. आखणार नाही म्हटलं, हरले कुठं म्हटलं? महाराज, मी विचारल्याशिवाय कधी कुदळ मारलेली नाही. मला या लोकांना विचारू द्या. दिवस मावळेपर्यंत सगळ्यांची उत्तरं सारखी आली, तर मी एकच अंगण आखीन आणि 'हो'सुद्धा म्हणीन."

राजा म्हणाला, "रास्त आहे. विचार."

पुढे होता एक तांबट, शिवबा नावाचा. ठकूबाईनं विचारलं, "घरात कोण?"

"सगळं सारखंच आहे," तो म्हणाला.

"ते नाही विचारलं. घरात कोण?"

"बायको... बायको असावी."

"तिला काय आवडतं?"

तांबटाच्या कपाळावर घाम आला. तो ओठ हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "अबोली. तिला अबोली आवडते. मी स्वतः वाफा केला होता, माझ्या हातानं, भट्टीजवळच्या हौदाचं पाणी घालून!" आणि तो भर दरबारात हमसून हमसून रडला. पाचूच्या झाडावरून एक पान खळकन पडलं आणि फुटलं. दूर गल्लीत एक अंगण आपल्या जागी परत आलं, वाफ्यासकट.

"पुढची!" ठकूबाई म्हणाली. "न्हाणीचं पाणी कुठं जातं?"

पुढची बाई म्हणाली, "केळीला. केळी खाते म्हैस. अगं बाई, माझी म्हैस!" आणि ती जी धावत सुटली ती थांबलीच नाही. दुसरं पान पडलं.

मग काय! सरळनाथ हातवारे करत राहिला आणि लोक रेटारेटी करत पुढे येऊ लागले. एकाला ओटा हवा होता, कारण त्याची आई दाराशी बसून सगळ्या गल्लीची चौकशी करत असे. एकाला काही नको होतं, नुसती मोकळी माती, कारण तो मल्ल होता. एक म्हातारी म्हणाली, "मला काटेरी कुंपण दे, जावई फार येतो." हसण्यानं पटांगण दणाणलं. दोन उत्तरं सारखी आली नाहीत. पानं गारांसारखी पडत होती आणि सातभाई ती मोजत होते, अर्थात प्रत्येकाचा आकडा वेगळा.

दिवस मावळतीला आला तेव्हा झाडावर एकच पान उरलं होतं. पहिलं. राजाचं.

"तुमची पाळी, महाराज," ठकूबाई म्हणाली. "तुमच्या बागेत कोण चालतं?"

राजानं गच्चीकडे मान वळवली. "कुणीच नाही. आम्ही गच्चीतून बघतो."

"बघून काय होतं?"

"काही होत नाही."

पान हललं नाही, आणि ते एक पान उरलं तरी झाड पुन्हा फुटणार होतं. सूर्य तटाला टेकला. सरळनाथ पुढे झाला, त्याची दोरी आपोआप उलगडू लागली. "महाराज, सांगा तिला, आम्हाला काही नको, आहे तो चौकोनच बरा. सांगा आणि मोकळे व्हा."

"तुम्हाला काय हवंय?" ठकूबाईनं विचारलं. आवाज चढवला नाही. "राज्याला नव्हे. तुम्हाला."

तुंगसेन उठला. त्यानं मुकुट काढून सिंहासनावर ठेवला. "मला," तो म्हणाला, "मला चिखलात पाय घालायचेत. सात वर्षांचा असताना राजा केला मला. त्या दिवसापासून माझ्या पायाला माती लागलेली नाही."

"महाराज, हे शोभत नाही!" सरळनाथ किंचाळला.

"गप्प बस!" राजा गरजला. "माझी बाग आहे!"

शेवटचं पान पडलं. पाचूचं झाड मुळापासून तडकलं आणि त्याची हिरवी माती झाली. रुप्याच्या दोरीचं लांबलचक गांडूळ झालं आणि ते त्या मातीत शिरलं. मांत्रिकाची विद्या त्याच क्षणी संपली. ठकूबाईच्या परसाला कुणी बोट लावलं नाही. त्या रात्री राज्यातला प्रत्येक माणूस आपल्याच घरी, आपल्याच पाटावर जेवला.

सरळनाथाला राजानं मारलं नाही. त्याच्या हातात झाडू दिला आणि गावातल्या सगळ्या कडुनिंबांखालचा पाला काढायला सांगितला. तो एक पान झाडे तोवर कडुनिंब दोन टाकी, आणि वर विचारी, "दमलास का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकूबाईच्या दारात पुन्हा रांग लागली. एक माणूस पुढे घुसायला गेला, तशी ती कडाडली, "ए, मागे! रांगेत ये!" मग तिनं नीट पाहिलं. तुंगसेन होता, अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत चिखलानं भरलेला. तो मुकाट्यानं मागे जाऊन उभा राहिला. त्याची पाळी दुपारी आली.

"ठकूबाई, वाड्यासमोर चिंच लावायची आहे. भिंतीपासून किती लांब?"

"वीस हात. पण ऐकून ठेवा, तिच्या सावलीत बसणं तुमच्या नशिबी नाही. तेवढी व्हायला चाळीस वर्षं लागतील."

राजानं हिशेब केला. मग मातीचा हात कपाळाला पुसला.

"मग आजच लावू," तो म्हणाला.