शेवंत्या डोंगराची जप्ती

एका राज्यात शेवंत्या नावाचा हिरवागार डोंगर होता. बकुळा नावाची मुलगी त्याची राखण करी. तिच्या बापाने भस्मशेखर मांत्रिकाकडून सात वर्षांचे आयुष्य उसने घेतले, त्यात लेकीला वाढवले, आणि परतफेड न करताच तो गेला. आयुष्य परत कसे करायचे, हे घेताना कोणी विचारत नाही.

भस्मशेखर दरबारात आला. "महाराज, देणेकरी मेला. त्याच्या मालकीचा शेवंत्या डोंगर जप्त करून द्यावा."

राजा सुमेघ न्यायी होता. न आवडणारा न्यायही त्याला करावाच लागे. तो म्हणाला, "गाय जप्त केली तर दावे धरून नेता येते. डोंगर नेता येत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी तिसरी दवंडी होईपर्यंत जप्ती करणाऱ्याने तो स्वतः सांभाळावा. पाखरांना दाणा, देवीला दिवा, झऱ्याचा गाळ काढणे. एक जरी चुकले तर देणे बुडाले. सारे पार पडले तर डोंगर तुमचा. साक्षीला आमची साळुंकी राहील."

साळुंकी माणसासारखी बोले आणि खोटे कधीच बोलत नसे.

पहिली दवंडी झाली. भस्मशेखराने डोंगराभोवती राखेची रेघ ओढली, तशी डोंगरावरच्या पाखरांची वाचा गेली; साळुंकी तेवढी रेघेबाहेर होती. त्याने चुटकी वाजवली. दाण्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या दिवशी दुसरी चुटकी. देवीपुढे दिवा लागला. बकुळा पायथ्याशी बसून पाहत होती. तिचा जीव तीळतीळ तुटत होता.

तिसऱ्या दिवशी राखेने झरा तुंबला. झऱ्यावर मंत्र चालत नसे. हात घालावा तर जरीचा शेला मळणार. "दवंडीला अवकाश आहे," असे म्हणून भस्मशेखर झाडाखाली आडवा झाला आणि घोरू लागला.

बकुळा हाताची घडी घालून बसली असती, तर डोंगर तिचाच होता. हे तिला पक्के ठाऊक होते. पण पाणी गुदमरू लागले, मासे तडफडू लागले.

"डोंगर कोणाचाही होवो, झरा मरायला नको," ती म्हणाली. पदर खोचून तिने ओंजळीओंजळीने गाळ काढला. पाणी खळाळले, आणि ती हुंदके देऊन रडली.

तिसरी दवंडी झाली. राजा आला. भस्मशेखर डोळे चोळत उठला. "झरा वाहतो आहे, महाराज. डोंगर माझा."

राजाने बकुळेकडे पाहिले. ती म्हणाली, "वाहतो आहे, हे खरे."

राजाचा चेहरा उतरला. त्याने साळुंकीला विचारले, "साक्ष काय?"

"दोघांचे हात पाहा, महाराज."

मांत्रिकाचे हात लख्ख होते. बकुळेचे कोपरापर्यंत चिखलाने माखले होते.

राजा म्हणाला, "सांभाळ चुकला. देणे बुडाले. जप्ती उठली."

राखेची रेघ वाऱ्यावर उडाली. तीन दिवसांचे साठलेले सारे बोलणे पाखरे एकदम बोलली. भस्मशेखर शेला सावरत चालता झाला. शेल्याला डाग मात्र एकही नव्हता.

बकुळा हात धुवायला उठली. झऱ्यापाशी थबकली, आणि खालच्या ओढ्याकडे वळली. आताच निवळलेले पाणी गढूळ व्हायला नको.

डोंगर जागेवर, पाखरे झाडावर, आणि आपली कहाणी इथवर.