डाव्या सिंहाची मोहर

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवर अजून पूल नव्हते तेव्हा, एका राज्यात नागशेट नावाचा सराफ राहत होता. सोन्याच्या धंद्यावर त्याने घर भरलं; पण त्याचा जीव अडकला होता तो नमुन्याच्या मोहरांत.

नमुन्याची मोहर म्हणजे काय, ते आधी ऐका. नवं नाणं पाडायचं ठरलं की टांकसाळीत ठसा घासून लखलखीत करत आणि पहिल्या दोन-चार मोहरा पाडून राजाला दाखवत. या मोहरा बाजारात जात नसत. त्यांच्यात आपलं तोंड दिसावं, अशी त्यांची झळाळी!

नागशेटने अशा मोहरांची पेटीच जमवली होती. त्यांत सगळ्यांत दुर्मीळ होती डाव्या सिंहाची. राज्याच्या चालू मोहरांवर सिंह उजवीकडे पाहत असे. या नमुन्यावर तो डावीकडे पाहत होता. त्या वेळच्या राजाला तो रुचला नाही, म्हणून ठसाच मोडून टाकला. उरल्या दोन मोहरा. एक नागशेटकडे, दुसरी त्याच्या बालमित्राकडे, केसोबाकडे.

दर दसऱ्याला दोघे मित्र त्या मोहरा मखमलीवर शेजारी शेजारी ठेवत, कडेला धरून उलटून पाहत आणि पोरांसारखे हसत.

पुढे केसोबाने काशीला जाऊन राहायचं ठरवलं. निघताना त्याने आपली मोहर नागशेटच्या हातावर ठेवली.

"मोल नको रे मला. दोघी एकत्र राहू देत, एवढंच कर."

"जिवापलीकडे जपीन," नागशेट म्हणाला. आणि त्या वेळी ते अगदी मनापासून होतं.

पण घरी दोन्ही मोहरा न्याहाळताना त्याच्या मनात आलं, 'दोन आहेत, म्हणून ही नुसती दुर्मीळ. एकच उरली, तर साऱ्या पृथ्वीवर जे कोणाकडे नाही ते माझ्याकडे असेल!'

त्याने भट्टी पेटवली. बायको म्हणाली, "अहो, मित्राने विश्वासाने दिलीय ती."

"दिली ना? मग आता माझी झाली," म्हणत त्याने केसोबाची मोहर मुशीत टाकली. सिंह क्षणभर लाल झाला आणि वितळून गेला. नागशेटला जराशी चुटपुट लागली. पण ती टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी तो ताठ मानेने दरबारात गेला. "महाराज, जगात एकच असलेली वस्तू आपल्या नगरात आहे, आणि ती माझ्याकडे आहे."

राजाने नाणी पारखणाऱ्या पोतदाराला बोलावलं. पोतदाराने मोहर तोलली, वाजवून पाहिली.

"सोनं चोख आहे, शेटजी. पण आपला सिंह उजवीकडे पाहतो. हा डावीकडे कसा?"

"नमुना आहे हा. ठसा मोडला गेला."

"असेल. पण चोख सोन्याचीही खोटी नाणी पाडतात लोक. याच ठशाची दुसरी मोहर दाखवा. दोन्ही जुळल्या, की मी स्वतः ग्वाही देईन."

"ती... ती मी आटवली."

"का?"

"हीच एकटी राहावी म्हणून."

दरबारात कोणी हसलं नाही. राजा सावकाश म्हणाला, "शेटजी, दुसरी होती पण आटवली, हे तर खोटं नाणं पाडणाराही सांगेल. आजवरची तुमची पत पाहून शिक्षा करत नाही. पण संशयाचं नाणं माझ्या राज्यात अखंड राहत नाही."

पोतदाराने छिन्नी लावली. एका घावात सिंहाचे दोन तुकडे झाले.

ते तुकडे मुठीत धरून नागशेट घरी आला. बायको म्हणाली, "काशीहून केसोबांना बोलवून घ्या. ते साक्ष देतील."

"बोलावीन गं," तो म्हणाला, "पण त्याची मोहर कुठे गेली म्हणून सांगू?"

त्याने केसोबाला कधीच बोलावलं नाही. आणि गावोगावचे नाणी जमवणारे, नागशेट येताना दिसला की आपली पेटी मिटून घेऊ लागले.

म्हणून लहानथोर हो, ध्यानात ठेवा: जो आपल्या जोडीच्याला पुसून टाकतो, तो आपल्याच खरेपणाचा साक्षीदार पुसून टाकतो.