केराने न सोडलेलं नाव

नदीकाठच्या झोपडीत केरा आईबरोबर राहायची. आई फुलांचे गजरे विकायची, पण चूल रोज पेटेलच असं नव्हतं. केराला भुकेपेक्षा नाव जास्त टोचायचं. पोरं चिडवायची, "केरा, सुपलीत बस, उकिरड्यावर टाकून येतो."

एका पहाटे ती बकुळीची फुलं वेचायला बागेत गेली. तळ्यात एक इवलंसं सोनेरी फुलपाखरू बुडत होतं. केराने ते पानावर अलगद उचललं, फुंकर घालून वाळवलं. आणि काय, त्याची झाली चिमुकली परी, चांदीच्या पंखांची.

"माग बाळ, एकच माग."

"नवं नाव दे."

परीने ओंजळ उघडली. आत नावं काजव्यांसारखी लुकलुकत होती: हिरा, तारका, चंद्रिका. "हवं ते उचल. पण नियम ऐक. जुनं नाव जाताना आपली गोष्ट घेऊन जातं. मग ती कुणालाच आठवत नाही, तुझ्या आईलासुद्धा."

केराचा हात थबकला. तिच्याआधी दोन भाऊ जन्मले होते, माणिक आणि मोती. दोघेही पाळण्यातूनच गेले. यम मोलाचं तेवढं नेतो, केरकचऱ्याकडे बघत नाही, असं गावात मानत. म्हणून केरा जन्मताच आईने तिला सुपात घालून कचऱ्याच्या ढिगावर ठेवलं. शेजारच्या काकूंनी "कुणी टाकलंय गं हे?" म्हणत उचललं आणि आईच्याच ओटीत घातलं. तेव्हाच नाव ठेवलं, केरा.

"म्हणजे आई माणिक-मोतीला विसरेल?"

"हो. तिचं रडणंही थांबेल."

"ते रडणं तिचं आहे. तू कोण थांबवणारी? माझं नाव ठेवून आईने यमाला फसवलंय. तुझी नावं ठेव तुझ्यापाशी."

"मग दुसरं माग."

"मला हाक मार."

परी कावरीबावरी झाली. "आम्ही सुंदर नावंच उच्चारतो, बाळ. नाहीतर पंखांची चमक जाते."

"जाऊ दे. ऐकल्याशिवाय मी हलणार नाही."

परीने डोळे गच्च मिटले. "केरा," ती पुटपुटली.

चमक गेली नाही. उलट पंखांतून मोरपिशी, केशरी, गुलाबी रंग उसळले आणि सारी बाग झळाळली. परी खुदकन हसली. "केरा, तू हात लावशील ते झाड बारा महिने फुलेल," म्हणत ती त्या उजेडातच विरून गेली.

केरा ओसंडणारी टोपली घेऊन निघाली. कुंपणावर पोरं बसलीच होती. त्यांनी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "केरा. माणिक-मोतीची बहीण."