उंबरावरचे सांगणे

त्या राज्यात कला पुष्कळ होत्या आणि त्या एकमेकींपासून फार लांब होत्या. मोर टेकडीवर नाचे. बुलबुल बोरीच्या बनात गाई. वानरांचा फड पडक्या दगडी चौथऱ्यावर खेळ करी, काळ्या कातळावर गोगलगाय आपली चंदेरी रेघ ओढी, आणि नदीच्या वळणावर, पाण्यावर वाकलेल्या बाभळीला, सुगरणबुवांची घरटी लोंबत. विणण्याचे काम त्या जातीत नर करतात. म्हणून नाव सुगरण आणि पुढे बुवा. चरायचे, पिल्ले सांभाळायची, ससाण्यावर नजर ठेवायची, एवढे करून एका दिवसात दोन ठिकाणी जाणे कुणालाच जमत नसे.

साळुंकीला जमे. तिची पिल्ले उडून गेली होती, पंख अजून भक्कम होते, आणि एकदा कानावर पडलेली लकेर तिला जशीच्या तशी काढता येई. दिवसभर ती हिंडे. सांजेला मोठ्या उंबराच्या आडव्या फांदीवर बसे आणि खाली फळे वेचायला आलेल्यांना, आज काय पाहिले ते सांगे.

पहिल्या वर्षी ते सांगणे अगदी साधे होते. "मोर आज नाचला. डाव्या पायात काटा गेलाय त्याच्या, म्हणून गिरक्या सगळ्या उजवीकडून घेतल्या. मध्येच वारा सुटला. त्यानं पिसारा मिटला नाही, वाऱ्यालाच नाचात घेतलं." एवढे बोलून ती बुलबुलाकडे वळे, त्याची नवी लकेर म्हणून दाखवी आणि थांबे. ऐकणाऱ्यांपैकी दोघे-तिघे दुसऱ्या दिवशी वाट वाकडी करून टेकडीवर किंवा बनात जात. बाकीचे उंबरे खात घरी जात.

एके सांजेला घोरपडीने मान वर केली. उंबराखाली जमणाऱ्यांत ती वयाने सर्वांत मोठी होती आणि क्वचितच तोंड उघडी.

"ते सगळं कळलं, साळुंकीबाई. पण चांगला नाचला की नाही?"

असे तिला कुणी कधी विचारले नव्हते. ती जराशी अडखळली.

"चांगला नाचला," ती म्हणाली. मग, उत्तर फारच आखूड वाटले म्हणून, तिने पुस्ती जोडली, "पण मागच्या वेळेइतका नाही."

झाडाखाली कुजबुज झाली. काट्यावर, गिरकीवर, वाऱ्यावर अशी कुजबुज कधी झाली नव्हती. घरट्याकडे परतताना साळुंकीने ते वाक्य स्वतःशी पुन्हा एकदा म्हणून पाहिले. ते तिला आवडले.

पुढे पुढे काटा आणि वारा मागे पडले. "बुलबुल: गोड, पण तेच तेच." "वानरांचा खेळ: पूर्वार्ध पाहावा, उत्तरार्धाला डुलकी घ्यावी." लोक हसत. तिची वाक्ये जंगलभर एकमेकांना ऐकवली जात आणि दूरदूरच्या रानांतून ससे, मुंगसे, साळिंदरे उंबराखाली येऊ लागली. फळे कधीच संपलेली असत. आता ती फळांसाठी येत नव्हती. टेकडीवरची आणि बनातली गर्दी मात्र ओसरत गेली. जे वाईट ठरले ते पाहायला कोण जाणार? आणि जे चांगले ठरले ते चांगले आहे हे तर कळलेच होते.

कलावंतांनाही हे कळले. वानर खेळाला उभे राहिले की आधी आकाशाकडे पाहत, साळुंकी येऊन बसली की मगच पहिले वाक्य बोलत. तिने एकदा वाखाणलेली लकेर बुलबुल आता प्रत्येक गाण्यात तीनदा घेई. हे साळुंकीच्या लक्षात आले होते. त्यात काही बिघडले आहे असे तिला वाटले नाही; आपण आल्याशिवाय सुरू होत नाही, एवढेच वाटले, आणि ते सुखाचे होते.

त्या वर्षी विणीच्या हंगामात एक दिवस असा आला की तिला चार ठिकाणी जायचे होते. तीन झाली तेव्हा उन्हे कलली होती. नदीच्या वळणाला ती पोहोचली, पण पलीकडच्या काठावर गेली नाही. अलीकडच्याच दगडावर टेकून तिने बाभळीकडे पाहिले. सुगरणबुवांनी एकच घरटे विणले होते. एरवी त्यांची वीण इतकी घट्ट असे की पाण्याचा थेंब आत जात नसे. या घरट्याच्या एका बाजूला मात्र जागोजागी भोके दिसत होती. पात्या सुटल्यासारख्या, हात पोहोचला नसल्यासारख्या. साळुंकी दोन क्षण बसली आणि उडाली.

सांजेला ती म्हणाली, "सुगरणबुवांचा हात थकला."

एवढेच. त्यावर हसूसुद्धा आले नाही. फक्त "अरेरे" असा एक सुस्कारा झाडाखालून फिरला, आणि ती पुढच्या विषयाकडे वळली.

पाचव्या दिवशी नदीकाठची टिटवी तिला वाटेत भेटली. टिटवीचे घर वाळूत, बाभळीच्या समोर. ती उंबराखाली कधी येत नसे.

"बाई, तुम्ही बुवांबद्दल काही बोललात का?"

"का बरं?"

"सुगरणी यायच्या बघायला. आत शिरायच्या, बराच वेळ बसायच्या, जायच्या, परत यायच्या. दोघींचं तर जवळजवळ ठरलं होतं. चार दिवस झाले, एक फिरकली नाही. काल एक वरून गेली, तिला मी हाक मारली. ती म्हणाली, थकलेल्या हाताच्या घरात मी अंडी घालू का? आणि आज सकाळपासून बुवा ते घरटं उसवतायत."

साळुंकी नदीकडे वळली. या वेळी ती थेट पलीकडे गेली.

सुगरणबुवा घरट्याच्या नळीला उलटे लटकून एकेक पाती सोडवत होते. खालचा भाग सुटून लोंबत होता. तिला पाहून त्यांनी चोचीतली पाती नीट बाजूच्या फांदीवर ठेवली.

"या, साळुंकीबाई. एवढ्या जवळ कधी आला नव्हतात."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला बरे वाटले असते.

"का उसवता, बुवा?"

"हंगाम आहे तोवर दुसरं विणून होईल. जुन्या तऱ्हेचं." त्यांनी चोचीने वर दाखवले. "वरचं अजून शाबूत आहे. आत जाऊन बघायचं असेल तर बघा. ऊन आत्ता बरोबर आहे."

घरटे तिच्या अंगाला लहान होते. खांदे आवळून, पिसे चेपून ती कशीबशी नळीतून वर सरकली आणि जिथे अंडी ठेवायची त्या खोलगट जागी मान घालून थांबली.

सुगरणीच्या घरट्यात काळोख असतो. पिढ्यान् पिढ्या तो तसाच होता. इथे मात्र पूर्वेकडच्या बाजूला बुवांनी पाती पातीपासून मोजून लांब ठेवली होती, आणि त्या फटींतून सकाळ आत आली होती. तळाच्या मऊ गवतावर उन्हाची बारीक जाळी पडली होती. वारा आला, घरटे हलले, आणि जाळी त्या गवतावरून सावकाश सरकून पलीकडच्या भिंतीवर चढली, तिथून परत आली. नदीच्या पाण्यावर हलणारे ऊन कुणीतरी उचलून आत आणले असावे, तसे ते होते. अंडे फोडून बाहेर येणारे पिल्लू पहिली गोष्ट पाहणार होते ती हीच.

साळुंकी बराच वेळ तिथे अडकून राहिली. तिला एकही वाक्य सुचत नव्हते. मग तिच्या ध्यानात आले की ती वाक्य शोधते आहे, आणि तिला स्वतःची लाज वाटली.

बाहेर येऊन ती म्हणाली, "आजचा दिवस थांबा. उद्या दुपारपर्यंत. मी आज सांगते सगळ्यांना, माझी चूक झाली म्हणून. सुगरणी उद्या येतील."

"येतील की," बुवा म्हणाले. "तुम्ही सांगितलंत की येतील. पण मग त्या घरटं बघायला आल्या, की तुमचं सांगणं खरं का ते बघायला आल्या, हे मला कळायचं कसं?"

बुवांनी तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि उसवलेली पाती चोचीत घेतली.

"बरं, थांबतो," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत."

त्या सांजेला ती जशी बोलली तशी पूर्वी कधी बोलली नव्हती. आपण लांबूनच पाहिले, थकवा आपल्या पंखांना होता आणि तो आपण दुसऱ्याच्या हातावर ढकलला, हे तिने स्पष्ट सांगितले. तिने उन्हाच्या जाळीचे वर्णन केले आणि अर्ध्यावर थांबली. "हे मला सांगता येत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जा. उद्या सकाळी, ऊन वर यायच्या आत, सगळे जा. दुपारनंतर ते असणार नाही."

उंबराखाली कितीतरी जणांचे डोळे ओले होते. सुगरणी वरच्या फांद्यांवर बसल्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिले. मग घोरपड सावकाश म्हणाली, "साळुंकीबाई, आजच्यासारखं सांगणं मी माझ्या जन्मात ऐकलं नाही." आणि सगळ्यांनी माना हलवल्या. घरी जाताना त्यांच्यात तेच बोलणे चालले होते. कुणाला सुरुवात आवडली होती, कुणाला ते मध्येच थांबणे.

सकाळी नदीवर टिटवी होती आणि साळुंकी होती. ऊन आले, जाळी पडली असेल, हलली असेल. एक सुगरण उशिरा आली, घरट्याभोवती एक फेरी मारून तिने विचारले, "हेच का ते?" आणि आत न शिरताच गेली. उन्हे डोक्यावर आली तेव्हा बुवांनी पुढची पाती ओढली. संध्याकाळपर्यंत फांदीवर नुसती गाठ उरली.

आठ दिवसांत त्यांनी दुसरे विणले: घट्ट, काळोखी, कुठे बोट शिरणार नाही असे. नवव्या दिवशी एका सुगरणीने ते पसंत केले. त्यात तीन पिल्ले झाली आणि तिन्ही जगली. साळुंकी एकदा पाहायला गेली होती. बुवा चारा आणण्याच्या गडबडीत होते. त्यांनी मान हलवली, ती परत फिरली.

उंबराच्या फांदीवर ती पुन्हा बसली नाही. दोन सांजा फांदी रिकामी राहिली. तिसऱ्या सांजेला राघू येऊन बसला. त्याचा गळा मोठा होता, साळुंकीची सगळी जुनी वाक्ये त्याला पाठ होती, आणि दिवसभर हिंडायची त्याला गरज वाटत नव्हती. सकाळी कुणीतरी येऊन कानात सांगे, ते तो सांजेला सांगे. गर्दी होती तेवढीच राहिली. पुढे थोडी वाढली.

साळुंकी मात्र अजून एक गोष्ट मनात धरून होती. लोक लांब जात नाहीत, तर लांबचे जवळ आणावे. ती टेकडीवर गेली, बनात गेली, चौथऱ्यावर गेली. "तुम्ही उंबराखाली या," ती प्रत्येकाला म्हणाली. "फक्त एकदा. जागा मी धरून ठेवते."

वानर कबूल झाले. बुलबुलाने विचारले, "ती लकेर घेऊ ना?" ती म्हणाली, "तुला जे गावंसं वाटेल ते गा." त्याने फार वर्षांत तसे काही गायले नव्हते, त्याला दोन दिवस सराव करावा लागला. मोर म्हणाला, मोकळ्यावर नाचायची सवय आहे, झाडाखाली पिसारा मावेल का? तिने येऊन झाडाच्या मागची जागा पावलांनी मोजली आणि मावेल असे कळवले. गोगलगाय सर्वांत आधी निघाली. तिला तिथे पोहोचायला सहा दिवस लागले.

ठरलेल्या सांजेला सगळे आले. झाडामागच्या मोकळ्या जागेत मोराने पिसारा उभारला. उतरते ऊन त्यातून असे आरपार आले की मागची माती हिरवी-निळी झाली. बुलबुलाने गायला सुरुवात केली आणि पहिल्याच सुरात ते गाणे कुणी कधी ऐकले नव्हते हे कळत होते. वानरांनी चेहऱ्याला माती फासून आपापल्या जागा घेतल्या. गोगलगाय उंबराच्या बुंध्यावर चढत होती आणि तिच्या मागे रेघ चमकत होती.

झाडाच्या दुसऱ्या बाजूला जंगल जमले होते. सगळ्यांची तोंडे वर, आडव्या फांदीकडे होती. राघू मोराच्या नाचाबद्दल बोलत होता.

"मागचे लोक जरा हळू," एक साळिंदर मान न वळवता म्हणाले. "ऐकू येत नाही."

फक्त एक खार मागे वळली. ती चार पावले आली आणि थबकली. साळुंकी तिथे जमिनीवर बसली होती. तिने सरकून शेजारी जागा केली.

खारीने एकदा पिसाऱ्याकडे पाहिले. मग ती साळुंकीच्या चेहऱ्याकडे पाहू लागली आणि तिथेच पाहत राहिली.

"चांगलं आहे का, बाई?" तिने विचारले.

"बस की. बघ."

खार आणखी थोडा वेळ तो चेहरा न्याहाळत उभी राहिली. मग ती परत गेली आणि घोरपडीच्या अंगाला लागून बसली.

"काय म्हणाल्या?" घोरपडीने विचारले.

"काही बोलल्याच नाहीत."

"असू दे," घोरपड म्हणाली. "उद्या कळेल."

आणि दोघींनी माना वर केल्या.