भिंतीबाहेरची मेणबत्ती

शांतवन महाराजांचा मुक्काम त्या काळी उंबरवेढ्याला होता. गाव नदीकाठचं, अर्धी वस्ती हिंदू, अर्धी ख्रिस्ती. महाराज जन्माने ख्रिस्ती, पण अंगावर भगवी कफनी आणि गळ्यात लाकडी क्रूस. चर्चच्या मागच्या पडवीत ते राहत. कुणी भाकरी दिली तर खात, नाही दिली तर देवाचे आभार मानून तांब्याभर पाणी पीत. दोन्ही वस्त्यांतले लोक त्यांना महाराजच म्हणत.

चर्च झाडायला मार्था नावाची बाई होती. तिचे आईबाप लहानपणीच गेले आणि तिला वाढवलं भागूआजीने. भागूआजी गावची सुईण, जातीने आणि देवाधर्माने हिंदू. पण पोरीला तिने आपल्या देव्हाऱ्यापुढे कधी बसवलं नाही. रविवार आला की वेणी घालून चर्चला धाडायची. म्हणायची, "तुज्या आईचा देव हाय तो. त्याला इसरू नगं."

पूर्वीच्या फादरांनी या आजीला एक गोष्ट शिकवून ठेवली होती. बाळ जगेलसं दिसत नसलं आणि फादर तालुक्याला गेलेले असले, तर बाळाच्या कपाळावर पाणी घालायचं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हणायचे. अडीअडचणीला हा संस्कार कुणाच्याही हातून चालतो, असं शास्त्रच आहे. आजीने शब्द पाठ केले आणि वेळ आली तेव्हा चोख म्हटले. फादर एकदा तिलाच म्हणाले, "आजी, आता तूही बाप्तिस्मा घे." आजीने मान हलवली. "न्हाई, फादर. माजी माणसं जिथं गेली, तिथंच मला जाऊ द्या. थितं त्यास्नी पाणी कोन देईल?"

ती आजी उन्हाळ्यात वारली. तिच्या भावकीने नदीकाठी अग्नी दिला, राख पाण्यात सोडली आणि विषय संपला. मार्थाचा मात्र संपला नव्हता.

नोव्हेंबरात मृतांचा दिवस आला. त्या दिवशी ख्रिस्ती माणूस आपापल्या माणसांच्या कबरी साफ करतो, फुलं वाहतो, मेणबत्ती लावतो. मार्थाने एक मेणबत्ती आईबापांच्या कबरीवर लावली. दुसरी आजीची. पण आजीला कबर कुठली? तिने कबरस्तानाच्या भिंतीबाहेर, नदीच्या अंगाला, दगडांचा आडोसा केला आणि तिथे ती लावली.

नेमके सिलासमास्तर तिकडून आले. मास्तर म्हणजे गावचे धर्मशिक्षक. साऱ्या पोरांना प्रश्नोत्तरं पाठ करून घेणारे, आणि स्वर्गाची किल्ली आपल्याच कनवटीला आहे अशा तोऱ्यात चालणारे.

"ही कुणासाठी गं?"

"आजीसाठी, मास्तर."

मास्तर मोठ्याने हसले. "भागूसाठी? अगं, बाप्तिस्मा नाही तर पापांची क्षमा नाही. ती कुठं गेली असेल ते पहिलीतलं पोरही सांगेल. नरकात आगीला काय तोटा आहे, म्हणून तू वरून मेणबत्ती पाठवतेस?"

आजूबाजूचे लोकही हसले. मार्था म्हणाली, "मास्तर, तुमची लेक प्रिसिला बी तिच्याच हातावर जन्मली."

"हातगुण होता, नाही कोण म्हणतो? पण हातगुणावर स्वर्ग मिळत नसतो."

मार्था तडक महाराजांकडे गेली. पदराने डोळे पुसत म्हणाली, "महाराज, खरं सांगा. आजी नरकात असंल, तर मला सरग कशाला पायजे? म्या थितं एकटी काय करू?"

महाराज म्हणाले, "मार्था, पाप खोटं नाही आणि नरकही खोटा नाही. दुसऱ्याच्या जळण्याचं हसू येतं, तेव्हा त्याची धग आपल्यालाच लागलेली असते. पण तिथं कोण गेलं, हे प्रभूने मला सांगितलेलं नाही. मास्तरांना सांगितलं असेल तर ठाऊक नाही बुवा. थांब, विचारून बघतो."

असं म्हणून ते उठले, भिंतीबाहेर त्या मेणबत्तीशेजारी मातीत बसले आणि डोळे मिटले.

इतक्यात मास्तरांची शेजारीण धावत आली. प्रिसिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला कळा सुरू झाल्या होत्या. दवाखान्याची नर्स दुसऱ्या गावाला गेलेली, नवी सुईण गावात नाही. भागूआजीच्या हाताखाली राबलेली एकटी मार्था. मघाचा अपमान अजून ओला होता. तरी तिने पदर खोचला आणि ती निघाली.

गरोदर बाईच्या कानावर मरणाची बातमी घालायची नाही, अशी तिकडची रीत. त्यामुळे आजी गेल्याचं प्रिसिलेला कुणी सांगितलं नव्हतं. ती कण्हत कण्हत विचारत होती, "भागूआजी कुठाय?" मास्तर दाराबाहेरून म्हणत होते, "गावाला गेलीय, येईल हं." धर्मशिक्षकावरही कधी अशी वेळ येते!

बाळ जन्मलं ते काळंनिळं. मार्थाने त्याला उलटं धरलं, थापटलं, तोंडात फुंकर घातली. बाळ हलेना, रडेना. ती ओरडली, "मास्तर, पानी आना! बाप्तिस्मा द्या लेकराला!"

मास्तर तांब्या घेऊन उंबऱ्यात आले. बाप्तिस्म्यावाचून बाळ गेलं तर पुढे काय, हे त्यांनीच गावाला शिकवलेलं. आज त्या शिकवणीच्या दारात त्यांचाच नातू पडला होता. त्यांनी तोंड उघडलं, पण जे शब्द वर्षानुवर्षं पोरांकडून घोकून घेतले त्यांतला एक ओठांवर येईना. हातातला तांब्या निसटला, पाणी उंबऱ्यावरून वाहून गेलं. मास्तर बाहेर भिंतीला टेकून खाली बसले आणि त्यांनी तोंड झाकून घेतलं.

मार्थाने बाळ आईच्या कुशीत ठेवलं आणि ती दुसरं पाणी आणायला स्वयंपाकघरात पळाली. तांब्या माठात बुडवते न बुडवते, तोच आतून ट्यँहा ऐकू आलं. चांगलं ठणठणीत रडणं!

ती परत येऊन पाहते तर बाळ गुलाबी झालेलं. कपाळ ओलं. अंगाभोवती जुन्या लुगड्याचा तुकडा, डाव्या खांद्यावर गाठ आणि गाठीत कडुलिंबाचं पान. तशी गाठ उंबरवेढ्यात एकच बाई मारायची. मार्थाच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

मास्तरही धडपडत आत आले. प्रिसिला थकली होती, पण हसत होती. "बाबा, भागूआजीला चहा दिला का? आत्ताच गेली बघा. तिनं बाळाच्या कपाळावर पाणी घातलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणाली, पाठीवर एक थाप दिली आणि रडलं की हे! गूळ जास्त घाला, तिला गोड लागतो."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते मार्थाकडे वळून हलकेच म्हणाले, "बाई, चहा कर. गूळ किती घालायचा ते तुला ठाऊक."

चहाचा कप मास्तरांनी स्वतःच्या हाताने भरल्या गावातून नेला. ज्यांना आयुष्यभर पोरांनी पाणी आणून द्यायचं, ते मास्तर कप सांडू नये म्हणून खाली बघत चालले होते. मागून मार्था आणि तिच्यामागे बघायला जमलेलं गाव. भिंतीबाहेर महाराज अजून डोळे मिटून बसलेले आणि मेणबत्ती जळत होती.

"महाराज," मास्तर म्हणाले, "नातवाचा बाप्तिस्मा झाला. तो... तो चालतो ना?"

महाराजांनी डोळे उघडले. "तुम्हीच शिकवता ना, अडचणीला कुणाच्याही हातून चालतो म्हणून?"

"हो."

"मग हातचं पाणी चालतं आणि हात चालत नाही?"

महाराज मऊ आवाजात पुढे म्हणाले, "बाप्तिस्मा हे दार देवाने आपल्यासाठी केलंय, मास्तर. आपण त्यातूनच जायचं. पण घरधन्याला कोण सांगणार, की कुणाला भिंतीवरून उचलून आत घेऊ नकोस म्हणून?"

मार्थाला धीर निघेना. "महाराज, तुमी इचारनार हुता. काय उत्तर आलं?"

महाराज हसले. "अगं, मास्तर उत्तराला चहा घेऊन आलेत, आणि तू अजून मलाच विचारतेस?"

मास्तर महाराजांच्या पायांवर वाकू लागले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले आणि मेणबत्तीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी कप तिच्यापाशी जपून ठेवला. मग गुडघे टेकले, टोपी काढली आणि साऱ्या गावादेखत मातीला कपाळ लावलं.

"आजी," ते म्हणाले, "चुकलो. चहा घे."